अक्षर माझंच, आठवण मात्र वेगळी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून) :

पत्रलेखिका ४९ वर्षांच्या आहेत. अठराव्या वर्षी त्यांना दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता, पण त्या गेल्या नाहीत. 'बाबांनी पाठवलं नाही, पैसे दादाच्या धंद्यासाठी राखून ठेवले' असं त्या गेली ३१ वर्षं सांगत आल्या आहेत. मैत्रिणींना, नवऱ्याला, मुलीला, आणि एकदा चारचौघांत खुद्द बाबांसमोरही. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. दादाशी संबंध सणावारापुरते उरलेत. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत आणि दादाकडे राहतात. महिन्यापूर्वी जुनं घर रिकामं करताना ट्रंकेत त्यांची तेव्हाची डायरी सापडली. त्यातलं एक पान त्यांनी उतरवून पाठवलंय :

'आज बाबा परत म्हणाले, जा, पैशाचं मी बघतो. मी नाही म्हटलं. दादा म्हणाला, वेडी आहेस का? आई काहीच बोलली नाही. तिथे एकटीने राहायची मला भीती वाटते, पण हे कुणाला सांगणार? मैत्रिणींना सांगीन, घरच्यांनी नको म्हटलं. तसं ते अगदीच खोटं नाही, आईला नकोच आहे.'

त्यांचे प्रश्न : खरं काय मानू, डायरी की आठवण? एवढी वर्षं मी खोटं जगले का? बाबांना या वयात हे सांगावं, की डायरी जाळून टाकावी आणि विषय संपवावा?

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, दुसऱ्यांदा नुसतं डायरीचं पान, आणि तिसऱ्यांदा एवढ्यासाठीच की त्या पानातल्या एका वाक्याबद्दल तुम्ही पत्रात काही म्हटलंय का ते बघावं. म्हटलेलं नाही. त्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण आधी तुमची झोप उडवणारी गोष्ट.

तुम्ही लिहिता, 'पान दहा वेळा वाचलं. अक्षर माझंच आहे. तरी बाबा "जा" म्हणाले हे मला आठवतच नाही. मला दिसतात ते दारात उभे राहून "नाही" म्हणणारे बाबा. डोळे मिटले की अजूनही तेच दिसतात. मग मी मान्य तरी कशी करू?' तुम्हाला वाटतंय की खरं मान्य करायचं तर आधी ते आठवायला हवं. म्हणजे ती मूळ संध्याकाळ कुठेतरी आत दबलेली आहे, जोर लावला की वर येईल, आणि येत नाही त्याअर्थी एक तर डायरी खोटी किंवा तुम्ही निर्ढावलेल्या.

असं होत नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीचएक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची एकही मुख्य गोष्ट आधीच्या कागदाशी जुळली नाही. निम्म्यांची उत्तरं बहुतांशी चुकली. त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास मात्र दांडगा होता. पुढे त्यांना त्यांच्याच अक्षरातले जुने कागद दाखवले गेले. तरी मूळची आठवण कुणाला परत आली नाही. कागद समोर होता, अक्षर ओळखीचं होतं, आणि डोळ्यांपुढचं चित्र तेच, चुकीचं.

तुमचंही तसंच झालंय. दारातले बाबा बहुधा जाणार नाहीत. दहा वर्षांनीही डोळे मिटलेत तर तिथेच उभे असतील. ते पुसले जाण्याची वाट बघत बसलात तर बाबांशी बोलायचं राहून जाईल. आणि खरं पाहता, आपण कितीतरी गोष्टी न आठवताच खऱ्या मानतो. आपला जन्म झाला हे कुणाला आठवतं? कागद आहेत, माणसं सांगतात, आपण मानतो. इथे फक्त एवढंच अवघड आहे की कागद एक सांगतोय आणि आतलं चित्र दुसरंच, आणि आतल्या चित्रावर विश्वास न ठेवणं म्हणजे स्वतःवरच विश्वास न ठेवणं, असं वाटतं. पण 'माझं हे चित्र चुकीचं आहे' हे तुमच्यातलंच कुणीतरी म्हणतंय ना? त्या म्हणणाऱ्यावर ठेवा विश्वास.

आता हे झालं कसं, त्याबद्दल. तुम्ही स्वतःला 'खोटारडी' म्हटलंय, तेही दोनदा.

सुरुवातीला खोटं होतं, हे तर तुमच्या डायरीतच आहे. 'मैत्रिणींना सांगीन.' अठरा वर्षांच्या मुलीने भीती लपवण्यासाठी मारलेली थाप. अशा थापांचं पुढे काय होतं यावर लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांचा १९५९ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना तासभर एक अतिशय कंटाळवाणं काम करायला लावलं, आणि मग बाहेर थांबलेल्या पुढच्या व्यक्तीला 'काम मजेदार आहे' असं सांगायची विनंती केली. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर प्रत्येकाला वेगळं गाठून खरं मत विचारलं, तेव्हा १ डॉलरवाल्यांना ते काम २० डॉलरवाल्यांपेक्षा जास्त आवडलेलं होतं! २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायचं सबळ कारण होतं, 'पैसे मिळाले म्हणून बोललो' म्हणून ते मोकळे झाले. १ डॉलरसाठी कुणी खोटं बोलतं का? मग मनाने सोपी वाट काढली : मी खोटं बोललोच नाही, काम खरंच बरं होतं.

तुम्हाला त्या थापेबद्दल कुणी काही दिलेलं नव्हतं. मैत्रिणींची थोडी सहानुभूती मिळाली असेल, तेवढीच. शिवाय तुमच्या हाताशी एक भक्कम खरी वीट होती : दादाने त्याच वर्षी धंदा काढला. पैसे लागलेच असणार. चुकीच्या आठवणी हवेत तयार होत नाहीत, त्या अशाच खऱ्या विटांच्या बांधलेल्या असतात, म्हणून तर पडत नाहीत. दोन-तीन वर्षांत ती थाप राहिली नसेल, तुमची हकिकत झाली असेल. चारचौघांत बाबांना बोललात तेव्हा तुम्ही खोटं बोलत नव्हता. चुकीचं बोलत होता. या दोन्हींत फरक आहे, आणि तो मी तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगत नाहीये. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं, त्यामुळे तो कधीही थांबू शकतो. तुम्हाला महिन्यापूर्वीपर्यंत थांबायची सोयच नव्हती. आता आहे. म्हणजे त्या ३१ वर्षांपेक्षा या पुढच्या काही आठवड्यांची जबाबदारी तुमच्यावर जास्त आहे.

आता ते वाक्य. 'तसं ते अगदीच खोटं नाही, आईला नकोच आहे.'

तुमच्या चार पानी पत्रात बाबा पानोपानी आहेत, दादा दोन ठिकाणी आहेत, आणि आई फक्त 'तीन वर्षांपूर्वी गेली' एवढीच. डायरीत मात्र ती दोन वाक्यांत आहे. काही न बोलणारी, आणि तुमचं जाणं नको असणारी. मी तिथे नव्हते आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या एका वाक्यावरून कुणाच्या आईवर निकाल द्यायचा मला अधिकार नाही. ते वाक्य निरीक्षणही असू शकतं आणि थाप पचवायला शोधलेली सबबही. बहुधा थोडं हे, थोडं ते. पण तुम्ही पान दहा वेळा वाचलंत आणि दहाही वेळा 'मी खोटं बोलले' एवढंच वाचलंत. शेवटची ओळ सुटली. मला वाटतं, आधी एक गोष्ट होती : बाबांनी अडवलं, मी बळी. ती कोसळली, आणि तुम्ही तितकीच घट्ट दुसरी गोष्ट घाईघाईने उभी केली : बाबा देवमाणूस, मी अपराधी. पात्रं तीच, फक्त जागा बदलल्या. दोन्ही गोष्टींत आई कुठेच नाही, आणि दोन्हींत भ्यायलेली मुलगीही नाही.

डायरीलाही एवढं शिरसावंद्य मानू नका. ती त्या रात्री, त्या मनःस्थितीत लिहिलेली आहे. माझ्याकडेही जुन्या डायऱ्या आहेत. एका पानावर 'मला काहीच वाटलं नाही' हे वाक्य मी तीनदा लिहिलंय. ज्याला काही वाटत नाही तो तीनदा लिहीत नाही. तेव्हा डायरी घटनांच्या बाबतीत तुमच्या आठवणीपेक्षा नक्कीच सरस आहे, कोण काय म्हणालं हे तिने त्याच दिवशी टिपलंय. पण कुणाच्या मनात काय होतं, हे तिलाही त्या मुलीला समजलं तेवढंच माहीत आहे. त्या पानाच्या आधीची आणि नंतरची महिनाभराची पानं वाचलीत का? तुम्ही त्यांचा उल्लेख केलेला नाही. नसतील वाचली तर वाचा. हवं तर एका कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडा : पानावर काय लिहिलंय, मला काय आठवतं, आणि मी काय अंदाज केलाय. 'पैसे दादासाठी राखून ठेवले' हे यातलं नेमकं कशात बसतं ते बघा. माझा कयास आहे, ते अंदाजात निघेल.

इथे थोडं थांबून वेगळ्याच वाचकांशी बोलते, कारण हे सदर घरात एकाहून जास्त माणसं वाचतात. ज्यांच्यावर खरंच अन्याय झालाय, ज्यांना शिकू दिलं नाही, मारलं, गप्प बसवलं, अशा कुणाच्या तोंडावर हा मजकूर फेकू नका. 'बघ, आठवणी खोट्या असतात, लिहिलंय इथे.' तसं मी लिहिलेलं नाही. त्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना बातमी कुठे आणि कुणाकडून कळली ते चुकीचं आठवत होतं. यान फुटलं हे कुणी विसरलं नव्हतं. आणि या पत्रातल्या बाईंनी आपली आठवण दुसऱ्याने 'खोटी आहे' म्हटल्यामुळे सोडलेली नाही, स्वतःच्या अक्षरासमोर त्या थबकल्यात. आठवणीवर शंका घ्यायचा पहिला हक्क ज्याची आठवण आहे त्याचा.

परत तुमच्याकडे. जाळू का, हा प्रश्न.

प्रत्येक सत्याला सामोरं गेलंच पाहिजे असं मी मानत नाही. नॅन्सी वेक्सलर या शास्त्रज्ञाची गोष्ट मला नेहमी आठवते. तिच्या आईला हंटिंग्टन हा मेंदूचा असाध्य आजार होता. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. वेक्सलरने आयुष्य या आजाराच्या शोधाला वाहिलं. १९८३ मध्ये त्याचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला, १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडलं. त्यामुळे आजार होण्याआधीच तो होणार का हे सांगणारी रक्ताची चाचणी हाती आली. जगभरच्या शास्त्रज्ञांना तिने या शोधाला जुंपलं होतं, पण स्वतःबद्दल मात्र ती वर्षानुवर्षं जाहीरपणे काही बोलली नाही. आपल्यालाही तो आजार आहे हे तिने २०२० मध्ये सांगितलं. आणि तो धोका असलेली बहुसंख्य माणसं ती चाचणी करून घेतच नाहीत. त्यांना कुणी भित्रं म्हणू नये. ज्यावर काही उपाय नाही ते आत्ताच जाणून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुमचा मामला तसा नाही. तुम्हाला कळून चुकलंय, 'कळवून घ्यावं की नाही' ही पायरी मागे पडली. आणि दुसरं, न जाणण्याची किंमत तिथे ज्याची त्याने भरायची असते. इथे तुमच्या हकिकतीची किंमत तुमच्यापेक्षा इतरांनीच जास्त भरली आहे. असे पेच घेऊन येणाऱ्या सगळ्यांनाच मी हे विचारते, मग तो जुना करार असो, कुणाचे मेसेज असोत की डॉक्टरांचा रिपोर्ट : हे दाबून ठेवलं तर बिल कुणाच्या नावावर फाटणार? फक्त तुमच्या नावावर असेल तर सवड घ्या, हवं तर कधीच बघू नका. दुसऱ्याच्या असेल तर ती मुभा राहत नाही.

तेव्हा जाळू नका. निदान आत्ता नको. जाळलीत तर दोन वर्षांनी तुमचं मन 'त्या पानावर नक्की तसंच होतं का?' असं विचारू लागेल, आणि उत्तर द्यायला कुणी नसेल. मनाचं हे कसब तुम्ही एकदा बघितलंय.

बिल कुणाच्या नावावर, म्हटलं ना. तुम्ही विचारलंय फक्त बाबांबद्दल. मला आधी दादा दिसतात. 'वेडी आहेस का?' म्हणणारा भाऊ. त्याला तुम्ही जावं असं वाटत होतं, आणि तीस वर्षं तो 'बहिणीच्या शिक्षणाचे पैसे खाणारा' म्हणून नातेवाइकांत वावरला. बाबा निदान तुमच्या समोर होते, हवं तर बोलू शकत होते. दादांना कदाचित आपल्यावर काय ठपका आहे हे पुरतं माहीतही नसेल, फक्त बहीण का दुरावली हे कोडं असेल.

म्हणून दादांना आधी फोन करा. आधी विचारा, मग सांगा. हा क्रम उलटा करू नका. 'बाबा मला जा म्हणाले होते ना रे?' असं विचारलंत तर प्रश्नातच उत्तर आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. विचारताना काहींना 'गाड्या आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता' अशा धर्तीचा शब्द वापरला, काहींना नुसता 'धडकल्या'. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? चित्रफितीत काचा नव्हत्याच. जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटलं, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. एका शब्दाने एवढा फरक. तुम्ही एवढंच विचारा : 'मी आर्किटेक्चरला गेले नाही, तेव्हा घरात काय झालं होतं, तुला काय आठवतं?' आणि गप्प बसा. ते सांगतील ते तुमच्या डायरीशीही जुळणार नाही कदाचित. त्यांचीही ३१ वर्षं गेली आहेत. ते ऐकून झालं की पान वाचून दाखवा.

बाबांचं. तब्येतीमुळे त्यांना हे झेपेल का, असं तुम्ही विचारता. हा प्रश्न मायेपोटी आलाय हे खरं, पण 'त्यांना झेपणार नाही' हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाच झेपत नसतं तेव्हा येतं. त्यांना काय झेपलं नसेल याची यादी करायची तर तुमचं त्या दिवशी चारचौघांतलं बोलणं तिच्यात वर येईल, आणि ते त्यांनी झेललं. त्यांची प्रकृती दादांना विचारा, बरा दिवस निवडा, पण निर्णय त्यांच्या वयावर ढकलू नका.

सांगताना लांबण लावू नका. तुमचं पत्र वाचून मला भीती आहे की तुम्ही एवढं स्पष्टीकरण द्याल, एवढं रडाल, की शेवटी ८१ वर्षांच्या माणसाला तुमची समजूत काढावी लागेल. तीन वाक्यं पुरतील. 'बाबा, तुम्ही मला जा म्हणाला होता. मला भीती वाटली म्हणून मी गेले नाही. आणि इतकी वर्षं मी लोकांना उलटं सांगितलं.' कर्ता 'मी' ठेवा. 'तेव्हा परिस्थितीच तशी होती', 'गैरसमज झाला', 'काही गोष्टी घडून गेल्या' असली कर्ता हरवलेली वाक्यं म्हणजे नरो वा कुंजरो वा. धर्मराजाने तेवढंच हळू आवाजात म्हटलं आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्दांत खोटं काही नव्हतं, तरी.

माफी मागा, पण माफ करण्याची मागणी करू नका. ते 'असू दे गं' म्हणतील. किंवा चिडतील, आणि त्यांना तो हक्क आहे. किंवा, याची तयारी ठेवाच, 'मी नाहीच म्हणालो होतो, माझंच चुकलं' असं म्हणतील. तीस वर्षं लेक एक गोष्ट सांगतेय, घर ती मानतंय, तर त्यांच्याही मनात दारात उभे राहून नाही म्हणणारे बाबा तयार झाले नसतील कशावरून? चारचौघांत ते गप्प का राहिले याचं तुम्ही 'मोठेपणा' असं उत्तर काढलंय. असेल. पण कदाचित त्यांना खरंच खात्री उरली नसेल. तसं झालं तर हट्टाने पटवत बसू नका. पान त्यांच्या हातात द्या. ते त्यांचंही आहे.

चारचौघांत जे बोललात ते चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवं, पण त्यासाठी सभा भरवायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणी 'हिला शिकू दिलं नाही' म्हणालं की तिथल्या तिथे 'नाही, बाबा पाठवत होते, मीच गेले नाही' म्हणा आणि विषय बदला. पहिल्यांदा जीभ अडखळेल. नवऱ्याला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या बाजूने भांडायला तेच पहिले उठतील.

आता मुलगी. पत्राच्या शेवटी, निरोपाच्या वर, तुम्ही जाता जाता लिहिलंय की ती शिकायला बाहेर गेली तेव्हा पहिल्याच वर्षी रडत परत यायचं म्हणत होती. तुम्ही तिला म्हणालात, 'मला मिळालं नाही ते तुला मिळतंय, परत यायचं नाव काढू नकोस.' ती राहिली, शिकली, आता तिथेच नोकरी करते, फोन रविवारी ठरल्या वेळी येतो. 'ती हल्ली मनातलं सांगत नाही' हे तुम्ही वयावर घातलंय.

त्या वर्षी तिला जी भीती वाटत होती ती तुमच्या ओळखीची होती. घरात ती ओळखणारी तुम्ही एकट्याच होता. पण तुमच्या गोष्टीत भीतीला जागाच नव्हती, फक्त अडवणाऱ्या बापाला होती, त्यामुळे ती तुम्हाला दिसली नाही. ती राहिली हे चांगलंही झालं असेल, तो हिशेब तिचा. तिला डायरीबद्दल सांगाच, पण फोनवर पहिल्याच वाक्यात नको. येत्या रविवारी तिला आधी एवढंच विचारा, 'पहिल्या वर्षी तू परत यायचं म्हणत होतीस, तेव्हा काय झालं होतं?' आणि तिचं सांगून पुरं होईपर्यंत आपली गोष्ट काढू नका.